'नो सिग्नल' आला की आधी वायर बघा

वर्गात निळा पडदा आणि त्यावर 'नो सिग्नल' दिसला की पहिला आळ प्रोजेक्टरवर येतो. बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. खात्री करायची तर 2 मीटरची चांगली एचडीएमआय केबल घ्या, स्टुलावर चढा आणि लॅपटॉप थेट प्रोजेक्टरला जोडा. चित्र आलं, तर दोष भिंतीतल्या वायरीत.

ही वायर किती लांब असते याचा हिशेब कोटेशन मागवताना सहसा कुणी करत नाही. टेबलापासून भिंतीपर्यंत 3 मीटर, वर छतापर्यंत 3, मग आडवी 6-7, वर थोडी ढील. झाले की 15 मीटर! तांब्याची साधी एचडीएमआय केबल फुल एचडीला 10 मीटरपर्यंत निर्धास्त चालते. पुढे चित्र लुकलुकतं, पांढरे ठिपके उठतात, किंवा लॅपटॉप 1024 बाय 768 वर येऊन बसतो. प्रोजेक्टर आपलं रिझोल्यूशन लॅपटॉपला ज्या बारीक तारांवरून कळवतो, त्यांचा सिग्नल लांबीमुळे खराब झालेला असतो.

उपाय दोन. एक, कॅट-6 (नेटवर्कची) वायर आणि दोन्ही टोकांना एचडीबेसटी एक्स्टेंडर, म्हणजे एचडीएमआयचा सिग्नल त्या वायरीवरून लांब नेणाऱ्या डब्या. फुल एचडी 100 मीटरपर्यंत जातं. दुसरा, ऑप्टिकल एचडीएमआय केबल, म्हणजे तांब्याऐवजी काचेच्या तंतूतून प्रकाशाने चित्र नेणारी. पण तिला दिशा असते. 'सोर्स' लिहिलेलं टोक लॅपटॉपकडे हवं. उलटी बसली तर काहीच दिसत नाही आणि अख्खी वायर पाइपातून परत ओढावी लागते. म्हणून पाइपात घालण्याआधी जमिनीवर पसरून चालवून बघा. पाइपही 25 मिमीचा नको. एचडीएमआयचं डोकंच 20-22 मिमी रुंद असतं, ते एल्बोपाशी अडकतं आणि मग इलेक्ट्रिशियन जोर लावतो.

टेबलाकडचं टोक रोज ओढलं जातं. तिथे भिंतीवर सॉकेट आणि पुढे 1 मीटरची सुटी केबल ठेवा; तुटली तरी तेवढीच बदलायची. टाइप-सीचा अडॅप्टर टेबलाला बांधून ठेवा. काही लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतच नाही, तेव्हा अडॅप्टरला बोल लावू नका.

वीज गेली की दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखा तत्क्षणी थांबतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. वीज आल्यावर गरम दिवा लगेच पेटत नाही, दोन-चार मिनिटं थांबावं लागतं. ही वेळ वाचवायला आणि दिव्याचं आयुष्य राखायला प्रोजेक्टरपुरता 1 केव्हीएचा यूपीएस लावा. जनरेटर सुरू होईपर्यंत तेवढा पुरे. त्यावर पंखे-ट्यूबलाइट चढवू नयेत. फळ्यावर खडू चालत असेल तर फिल्टर दर महिन्याला बाहेर काढून व्हॅक्यूमने साफ करा. जागेवरच ब्लोअर मारला तर खडूची पूड थेट आत जाते.

आवाजाचं म्हणाल तर चार्जर लावल्यावर स्पीकर घुमतो आणि काढल्यावर शांत होतो, हा अर्थिंगचा लूप, म्हणजे दोन उपकरणं वेगवेगळ्या जागी अर्थ झाल्याने ऑडिओच्या वायरीतून फिरणारा नको तो करंट. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरी घुमला तर ऑडिओच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; तो आवाज जाऊ देतो, पण दोन्हीकडचा थेट विजेचा जोड तोडतो. प्लगची अर्थ पिन कापून घुमणं बंद करणारे महाभाग सगळीकडे असतात. त्यांना त्या बोर्डाजवळ फिरकू देऊ नका.