पाळणाघराची फी एवढी का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पाळणाघर चालवते. फी सांगून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: "नुसतं मूल सांभाळायचे एवढे पैसे? आणि एवढे मोजूनही जागा का मिळत नाही?"

खेळणी, रंगवलेल्या भिंती, कॅमेरे हा सगळा किरकोळ खर्च. खरा पैसा जातो तो माणसांवर. इंग्लंडमध्ये नियमच आहे, दोन वर्षांखालच्या तीन बाळांमागे किमान एक माणूस हवं. मला तो पूर्ण पटतो. एकाला दूध पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढेपर्यंत दुसऱ्याने शी केलेली असते, आणि नुकतं रांगायला लागलेलं तिसरं दाराच्या फटीत बोट घालायला निघालेलं असतं. चौथ्याकडे बघणार कोण?

आता हिशेब मांडू. आईबाबांची नोकरी आठ तासांची असली तरी जाण्यायेण्याचा वेळ धरून मूल आमच्याकडे अकरा तास असतं. ताईंची ड्यूटी मात्र आठच तासांची, आणि तशीच असायला हवी. म्हणजे एका ताईच्या जागी जवळजवळ दीड पगार. तो तीन बाळांत वाटला की प्रत्येकाच्या फीतून साधारण अर्धा पगार निघायला हवा. भाडं, वीज, ताई आजारी पडल्या तर बदली, हे सगळं वेगळंच.

जागांचं कोडंही इथेच सुटतं. तीन वर्षांपुढची मुलं एकीला आठ झेपतात, तान्ही तीनच. तान्ह्यांची फी त्या प्रमाणात वाढवली तर कुणी येणारच नाही. म्हणून बरीच पाळणाघरं तान्ही घेतच नाहीत, आणि बाळंतपणाची रजा संपलेली आई नेमकी त्याच जागेसाठी वणवण फिरत असते.

बरं, फी आवाक्यात ठेवायची तर कात्री कुठे लागते? ताईंच्या पगाराला. दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या कितीतरी जणींना स्वतःचं मूल पाळणाघरात ठेवणं परवडत नाही. मग त्या जरा बरं काम मिळालं की सोडून जातात, आणि त्यांचा लळा लागलेलं पोर पुढे कित्येक दिवस कुणाच्या कडेवर जात नाही.

सरकारने भार उचलावा, असं सगळेच म्हणतात. मीही म्हणते. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला पाच डॉलर अशी फी आणली. आया मोठ्या संख्येने नोकरीत आल्या, पण रांगाही लांबल्या. जर्मनीत २०१३ पासून वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला जागा मिळणं हा कायदेशीर हक्क आहे, तरी जागा कमीच पडतात, कारण सांभाळायला माणसं पुरत नाहीत. म्हणून माझं मत असं, की सरकारी पैसा आधी ताईंच्या पगारात जावा आणि फीतली सवलत त्यानंतर यावी. आमच्या पालकांना हे रुचत नाही, ठाऊक आहे मला.

तोवर, बाळ व्हायच्या आधीच नाव नोंदवून ठेवा. आणि पाळणाघर बघायला जाल तेव्हा खेळणी मोजत बसू नका, इथल्या ताई किती वर्षांपासून आहेत ते विचारा.