विषय वळिवड्याचा, कागद सहा गावांचे

आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवतावाद या विषयात प्राध्यापकी-संशोधन करायचं ठरलं, की मुंबईतला विद्यार्थी पहिल्यांदा जिनिव्हातल्या एलएलएमची फी बघतो आणि दुसऱ्यांदा शिष्यवृत्त्यांची यादी. पदवी लागतेच. पण या क्षेत्रात माणूस ओळखला जातो तो त्याच्या प्रश्नावरून, आणि प्रश्न शोधायला विमानाचं तिकीट लागत नाही.

आधी पायऱ्या, भराभर. एलएलबी, बारावीनंतर पाच वर्षांचं किंवा पदवीनंतर तीन वर्षांचं. मग एलएलएम, मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. नेटला विधी हा विषय घ्यायचा, क्रमांक ५८. ‘मानवी हक्क व कर्तव्ये’ हा वेगळा विषय आहे, क्रमांक ९२. नाव आपल्या आवडीचं दिसलं म्हणून तो निवडला, तर पुढे लॉ कॉलेजच्या जागेला अर्ज करताना विषय जुळण्यावरून अडू शकतं. दोन पेपर मिळून १५० प्रश्न, ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा ठेवू नका. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडं. नाही मिळाली तर बहुतेकांच्या नशिबी तासिका तत्त्व: सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, मधला वेळ लोकलमध्ये. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकालाही आठवड्याला १६ तास शिकवायचं असतंच, पण त्याला पगार ठरलेला असतो. सनद घेतलेल्या वकिलाला वकिली न सोडता दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. पीएचडीला २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन आणि कमाल सहा वर्षं मिळतात. सहा वर्षं पुष्कळ वाटतात. विषय चुकला तर पुरत नाहीत.

आणि विषय चुकतोच. ‘सशस्त्र संघर्ष व मानवी हक्क : एक चिकित्सक अभ्यास’ या छापाचे आराखडे दरवर्षी येतात. त्यात तीन कायद्यांची खिचडी असते. युद्धात कसं वागावं हे जिनिव्हा करार सांगतात. युद्ध सुरू करणं कायदेशीर होतं की नाही, हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या सनदेकडे जातो. निर्वासितांचा १९५१ चा करार तिसराच, आणि भारत त्यात नाही. भारताने १९४९ चे चारही जिनिव्हा करार स्वीकारले, १९६० मध्ये त्यांच्यासाठी कायदा केला. १९७७ चे दोन्ही पूरक प्रोटोकॉल मात्र स्वीकारले नाहीत. त्या १९६० च्या कायद्याचं कलम १७ वाचा: सरकारने तक्रार केल्याशिवाय कोर्ट गुन्ह्याची दखलच घेऊ शकत नाही. नुसत्या या एका कलमावर प्रबंध उभा राहू शकतो.

किंवा वळिवडे घ्या. कोल्हापूरजवळच्या या गावात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेले. आपल्याकडे ही गोष्ट माणुसकीची म्हणून सांगतात. कायद्याच्या अभ्यासकाने विचारायचं ते वेगळं: ही माणसं कायद्याने कोण होती? १९५१ चा करार तेव्हा नव्हता. त्यांच्या मागे उभं होतं लंडनमधलं परागंदा पोलिश सरकार. ब्रिटनने ५ जुलै १९४५ ला त्या सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्साच्या सरकारला दिली. एका दिवसात पाच हजार माणसांचं सरकार बदललं, तेही त्यांना न विचारता. शिवाय यजमान कोण? कोल्हापूर हे संस्थान. १५ ऑगस्ट १९४७ ला ब्रिटिशांचं सार्वभौमत्व संपलं, आणि संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला, तोवर छावणी उठलेली होती. पाहुण्यांचं सरकार बदललं, यजमानांचंही बदललं. यावर नीट कायदेशीर लिखाण करायला मराठी येणारा माणूस जिनिव्हातल्या कुणाहीपेक्षा जास्त लायक आहे.

कागद मात्र विखुरलेले. पोलंडची वकिलात तेव्हा मुंबईत होती, म्हणून सुरुवात काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. तिथे गृह खात्याच्या ‘विशेष’ शाखेच्या सूचीपासून आरंभ करावा. दरबारी कागदांसाठी कोल्हापूरचा पुराभिलेख विभाग. १९३३ नंतर दख्खनच्या संस्थानांचा कारभार मुंबई सरकारकडून काढून थेट केंद्राकडे गेला होता. हे माहीत नसलेला विद्यार्थी मुंबईत महिनाभर नसलेली फाइल शोधत बसतो. ती दिल्लीला, राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायची. ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर घरबसल्या सूची बघता येते. इंडिया ऑफिसचे कागद लंडनला, ब्रिटिश लायब्ररीत. युनरा, म्हणजे १९४३ ची मदत संघटना, तिचे कागद न्यूयॉर्कला. तिच्यानंतरच्या आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेचे पॅरिसला.

जाताना मार्गदर्शकाचं पत्र, ओळखपत्र आणि पेन्सिल न्या. फाइल हातात आली की पहिला फोटो वेष्टनाचा काढायचा, ज्यावर खातं, वर्ष आणि फाइल क्रमांक असतो. मगच आतली पानं. हे न केल्यामुळे मोबाइलमधले चारशे फोटो निनावी होतात आणि तळटीप देता येत नाही म्हणून प्रकरणातून गळतात. ‘जीर्ण’ म्हणून फाइल नाकारली तर वाद घालण्यापेक्षा त्याच वर्षाच्या शेजारच्या खात्यात त्या पत्राची प्रत शोधा; सरकारी पत्राच्या प्रती बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी जातात.

करारांच्या वाटाघाटींचे वृत्तान्त सापडले की आणखी एक घसरण होते: प्रतिनिधी काय बोलला यावरूनच कलमाचा अर्थ लावला जातो. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३१ आधी मजकूर, संदर्भ आणि हेतू बघायला सांगतं. वाटाघाटी कलम ३२ मध्ये येतात, पूरक साधन म्हणून. व्हिएन्ना करारात भारत नाही, पण हे नियम रूढ कायदा, म्हणजे देशांच्या वहिवाटीतून बनलेला आणि करारात नसलेल्यांनाही लागू होणारा कायदा, म्हणून मानले जातात. हे एक वाक्य प्रबंधात लिहायचं राहिलं की तोंडी परीक्षेला पहिला प्रश्न तोच येतो.

फ्रेंच एलएलएमच्या वर्षातच सुरू करा. बोलता नाही आलं तरी चालेल, टंकलिखित पत्र शब्दकोशाच्या आधाराने वाचता आलं पाहिजे. पॅरिसच्या कपाटांचा नंबर येतो तो चौथ्या वर्षी, आणि तेव्हा भाषेच्या वर्गाला वेळ उरलेला नसतो.