तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या शाळेची एनसीसी राहिली कशी?

मुख्याध्यापकांच्या सभेत, कुणाच्या लग्नात, अलीकडे तर अनोळखी नंबरवरून फोन करूनही लोक मला एकच विचारतात, "मॅडम, तुमच्या शाळेचा एनसीसी ट्रूप जाणार होता म्हणे. मग राहिला कसा?" विचारणाऱ्यांच्या शाळेवर बहुधा तीच वेळ आलेली असते. दर वेळी घाईघाईत अर्धंच सांगून होतं, म्हणून आता सगळं लिहून काढते.

बहुतेकांना वाटतं की आम्ही वरपर्यंत ओळख लावली. तसं काही झालेलं नाही. आमच्या एका शिक्षिका "मी करते" म्हणाल्या, म्हणून ट्रूप राहिला. बाकी जे काही आम्ही केलं, ते त्यांचं हे म्हणणं टिकावं म्हणून केलं.

ट्रूप म्हणजे एनसीसीच्या मुलामुलींची शाळेतली तुकडी. तो जातो कसा, ते आधी समजून घ्या. शाळेतली एनसीसी म्हणजे ज्युनिअर डिव्हिजन, मुलींसाठी ज्युनिअर विंग. आठवीत भरती, नववीच्या अखेरीला 'ए' प्रमाणपत्राची परीक्षा. सैन्याकडून येतात ते पीआय स्टाफ, म्हणजे कवायत आणि शस्त्रप्रशिक्षण शिकवणारे हवालदार, सुभेदार. पण ते एनसीसीच्या बटालियनचे असतात आणि त्यांच्याकडे पुष्कळ शाळा-कॉलेजं असतात. रोजचा ट्रूप चालवतो तो शाळेचाच एक शिक्षक. त्याला असोसिएट एनसीसी ऑफिसर, थोडक्यात एएनओ म्हणतात. भरतीचे फॉर्म, बँक खाती, गणवेश, परेडची हजेरी, शिबिराची संमतिपत्रं, मुलांना घेऊन जाणं आणि सुखरूप परत आणणं, सगळं त्याच्याकडे. हा माणूस निवृत्त झाला आणि मागे कुणी उभं राहिलं नाही, की ट्रूप आतून रिकामा व्हायला लागतो.

आमच्याकडे तेच झालं. आमचे जुने सर निवृत्त झाले आणि केअरटेकर म्हणून विज्ञानाच्या एका शिक्षकांचं नाव कागदावर घातलं गेलं. त्यांच्याकडे आधीच दहावीचे दोन वर्ग, प्रयोगशाळा आणि मतदारयादीचं काम. बिचारे करणार तरी किती? परेड आधी पंधरवड्याला, मग महिन्याला होऊ लागली. शिबिराला मुलं कमी गेली. मग बटालियनचं पत्र आलं, की एएनओचं पद रिक्त आहे, उपस्थिती अपुरी आहे, सुधारणा झाली नाही तर ट्रूप काढून प्रतीक्षेतल्या दुसऱ्या संस्थेला देण्याचा प्रस्ताव पाठवावा लागेल.

पत्र वाचून शिक्षकखोलीत संताप झाला, पण मला ते पत्र अन्यायाचं वाटलं नाही. एनसीसी मिळावी म्हणून देशभर हजारो शाळा-कॉलेजं रांगेत आहेत. जागा मोजक्या, त्यात केंद्राचा आणि राज्याचा दोघांचा पैसा. आपण जागा अडवून बसलो असू तर तिकडची मुलं ताटकळतात. तेव्हा 'आमची परंपरा आहे' या एका मुद्द्यावर ट्रूप मागायचा नाही, चालवून दाखवायचा, हे मी त्याच दिवशी ठरवलं.

माजी कॅडेटांना बातमी कळली तेव्हा पत्रांचा पाऊस पडला. कुणी सैन्यात आहे, कुणी पोलिसांत, कुणी शेती करतो. सगळ्यांनी मनापासून लिहिलं होतं. ती पत्रं घेऊन मी कमांडिंग ऑफिसरांना भेटले. त्यांनी ती नीट वाचली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, पत्रं खूप छान आहेत. मला एक शिक्षक द्या." इतकं स्पष्ट बोलल्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

आता शिक्षक तयार का होत नाहीत, याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण खरी गाठ तिथे आहे. नव्या पिढीला देशाची आच नाही, असं सभांमधून सर्रास म्हटलं जातं. माझ्या शाळेतले तरुण शिक्षक बघते तेव्हा मला हे अजिबात पटत नाही. जो शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काम करतोय, त्याला पुढच्या संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेची पदं ठरतात तेव्हा, आपलं पद राहील की आपण अतिरिक्त ठरू हेच माहीत नसतं. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक निवृत्त झाले की ते पद भरलं जाईल याची खात्री नाही. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं आहेच. त्यात एएनओ व्हायचं म्हणजे वैद्यकीय तपासणी, मुलाखत आणि मग घरापासून लांब प्रशिक्षण. पुरुष शिक्षक नागपूरजवळच्या कामठीला जातात, शिक्षिका ग्वाल्हेरला. परत आल्यावर सुट्टीत शिबिरं. मानधन मिळतं, पण ते बघून कुणी हे काम घेईल असं नाही. अशा माणसाला मुख्याध्यापकाने नुसतं "देशासाठी कर" म्हणणं मला योग्य वाटत नाही. त्याच्या डोक्यावरचं दुसरं काय उतरवणार, ते आधी सांगायला हवं.

आमच्या हिंदीच्या शिक्षिकांशी मी बोलले तेव्हा त्यांचा मुलगा पहिलीत होता. त्या स्वतः कॉलेजात 'सी' प्रमाणपत्र मिळवलेल्या. इच्छा होती, पण घरचं काय, हा प्रश्न होता. तो त्यांच्या सासूबाईंनी सोडवला. "पोराचं मी बघते, तू जा," म्हणाल्या. शाळेचं मला सोडवायचं होतं. त्यांच्याकडचं वर्गशिक्षकपद काढलं, परीक्षा विभाग काढला, शनिवारचे शेवटचे तास मोकळे केले. हे ओझं इतरांवर गेलं, म्हणून तो विषय मी शिक्षकसभेत सगळ्यांसमोर ठेवला. नाराजी झाली. एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "आमच्या कामाला कोण मोकळीक देतं?" प्रश्न रास्त होता. उत्तर म्हणून स्नेहसंमेलनाची जबाबदारी त्यांच्याकडून काढून मी स्वतःकडे घेतली. सभेत सर्वांच्या संमतीने झालं म्हणून ते टिकलं. गुपचूप वेळापत्रक बदललं असतं तर बाईंना पहिल्याच सत्रात एकटं पाडलं गेलं असतं.

एका इतिहासाच्या सरांना सहायक म्हणून सोबत दिलं. हे नियमात नाही, आमची सोय आहे. पण एका माणसावर सगळं उभं राहिलं की तो गेल्यावर काय होतं ते आम्ही पाहिलं होतं.

मग उपस्थितीचा प्रश्न. मुलांना आवड उरली नाही, असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. बाईंनी हजेरीपट घेऊन मुलांना एकेक करून विचारलं तेव्हा निघालं वेगळंच. परेड रविवारी असायची. आमच्याकडे निम्म्याहून अधिक मुली मानव विकासच्या निळ्या बसने येतात. ती बस मुलींना मोफत असते, पण शाळेच्या दिवशी. रविवारी वाडीवरून येणार कशी? वडिलांच्या मोटरसायकलवर, आणि वडील तर कामावर. परेड आम्ही शनिवारी सकाळच्या शाळेला जोडून घेतली, बटालियनला तसं कळवून पीआय स्टाफचा दिवस बदलून मागितला. त्याच महिन्यात मैदान भरलं. या एवढ्या बदलाने जे झालं ते प्रेरणादायी भाषणांनी झालं नसतं.

पालकांची भीती दहावीची. त्यांना एवढंच दाखवावं लागलं, की प्रशिक्षण दोन वर्षांचं आहे आणि आठवीत सुरू केलं तर नववीत संपतं. दहावीचं वर्ष मोकळं राहतं. पोलीस भरतीत एनसीसी प्रमाणपत्राला वाढीव गुण आहेत, पदवीपर्यंत 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळवलं तर सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीचा मार्ग आहे, हेही सांगतो. पण तेवढ्यासाठी मूल पाठवू नका, असं मी पालकसभेत आवर्जून म्हणते. आठवीतल्या मुलाला नोकरीचं गाजर दाखवणं बरं नाही.

एक प्रश्न मात्र मला अधिक गंभीर वाटतो आणि तो विचारणाऱ्यांचा मी आदर करते. तेरा वर्षांच्या मुलांना शाळेतच सैनिकी वळण लावावं का? त्यांच्या हातात बंदूक द्यावी का?

एनसीसीचा कायदा १९४८चा. त्याआधी पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती आणि शाळा-कॉलेजांतून अशी संघटना असावी ही शिफारस तिची. कॅडेटवर सैन्यात जाण्याचं कोणतंही बंधन तेव्हाही नव्हतं, आजही नाही. १९६२च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये कॉलेजांत एनसीसी सक्तीची केली गेली. आमच्या गावातले आजोबा त्या काळच्या गोष्टी सांगतात. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. ज्याला नको त्याला ओढून आणायचं नाही. आमच्या शाळेत वर्षाच्या मध्ये कुणाला सोडायचं असेल तर आम्ही आधी कारण विचारतो आणि समजून घेऊन सोडतो. राहिली बंदूक. ती .२२ची रायफल, बटालियनच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, ठेवलेली. नेमबाजी होते ती बटालियनच्या लोकांच्या देखरेखीखाली, फायरिंग रेंजवर. शाळेच्या आवारात हत्यार राहत नाही. आणि पहिला धडा असतो तो सुरक्षिततेचा.

मुलं दोन वर्षांत खरोखर काय घेऊन जातात, हे मला कवायतीत दिसतं. आमच्याकडे एक मुलगी होती. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करायची नाही, नाव विचारलं तर खाली बघून सांगायची. बाईंनी तिला तुकडीसमोर उभं करून कमांड द्यायला लावली. आज्ञा मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला हवी आणि ठरलेल्या पावलावर पडायला हवी, नाहीतर सगळी रांग विस्कटते. पहिल्यांदा 'दहिने मुड' कुणाला ऐकूच गेलं नाही. निम्मी मुलं वळली, निम्मी तशीच. कुणी हसलं नाही, कारण प्रत्येकाची पाळी येणार होती. शाळेत अशी दुसरी जागा मला माहीत नाही, जिथे हुशार मूल आणि मागच्या बाकावरचं मूल दोघं एकाच रांगेत उभी राहतात आणि आज ज्याचं ऐकलं त्याला उद्या आपली आज्ञा ऐकवतात. ती मुलगी नववीत सार्जंट झाली. आता नर्सिंगला आहे. सैन्यात गेली नाही, तरी आमचा तिच्यावरचा वेळ वाया गेला असं मला क्षणभरही वाटत नाही.

दहा दिवसांच्या शिबिराचंही तसंच. दुसऱ्या जिल्ह्याच्या मुलींशेजारी झोपणं, स्वतःचं ताट स्वतः घासणं, पहाटे पीटीला उभं राहणं. परत आलेल्या मुलींच्या आया मला सांगतात, पोर आता पाणी मागत नाही, उठून घेते.

माजी कॅडेटांच्या पत्रांनी काम झालं नाही, पण त्यांच्यातला एक निवृत्त हवालदार दर शनिवारी मैदानावर यायला लागला. हुद्दा नाही, मानधन नाही. पीआय स्टाफ नसेल त्या शनिवारी मुलांची कवायत पक्की करून घेतो. दुसऱ्याने अडथळ्यांच्या सरावासाठी मैदानाची एक बाजू सपाट करून दिली. बाईंचं ग्वाल्हेरचं प्रशिक्षण पूर्ण झालं, खांद्यावर थर्ड ऑफिसरचा हुद्दा लागला आणि पुढच्या तपासणीनंतर ट्रूप काढण्याचा प्रस्ताव मागे घेतल्याचं पत्र आलं.

तुमच्याकडे पत्र आलं नसेल तरी एक काम आजच करा. सेवापुस्तिका उघडून तुमचे एएनओ कधी निवृत्त होणार ते बघा. निवड, तपासणी आणि प्रशिक्षणाची पाळी यात बराच काळ जातो आणि वयाचीही अट असते, म्हणून पुढचा माणूस जुन्या माणसाच्या हाताखाली आधीपासून उभा असायला हवा. आमच्या बाईंच्या सेवेची पुष्कळ वर्षं बाकी आहेत, तरी इतिहासाच्या सरांचं नाव आम्ही आतापासूनच मनात धरलं आहे. अर्जाला काय काय जोडावं लागतं ते मला फोनवर विचारू नका, माझ्याकडून काहीतरी राहून जाईल. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर या. बाई आणि सर दोघंही मैदानावर असतात, ते फाईलच दाखवतील.