रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटे

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली, तरी महामार्गावरील जखमीचे भवितव्य अनेकदा गाडी पोहोचण्याआधीच ठरू लागते. मांडीची मोठी रोहिणी फाटली तर काही मिनिटांतच जीव जाऊ शकतो. अशा वेळी स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून, ती उचलून न पाहता, दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरावी. पोटातला रक्तस्राव मात्र असा थांबत नाही, त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते. म्हणून रुग्णवाहिका कोणत्या रुग्णालयात जाते, हेही मला तितकेच महत्त्वाचे वाटते. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कोणीही मागे राहू नये. फोनवर किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि रस्त्याची बाजू आधी सांगावी, कारण दुभाजकाच्या पलीकडे पोहोचलेल्या रुग्णवाहिकेला वळसा घालून परतावे लागते.