ही झोप नव्हे, सर

बारावी आर्ट्‌सला जेवणाच्या सुट्टीनंतर मराठीचा तास लावणाऱ्याचं मराठीशी काहीतरी वैर असणार. (टाइमटेबल मीच केलं होतं, ते सोडा.) जानेवारी महिना, खिडकीतून येणारं उबदार ऊन आणि फळ्यावर अलंकाराचं नाव : अपन्हुती.

अपन्हव म्हणजे लपवणं. उपमा म्हणते भाकरी चंद्रासारखी, उत्प्रेक्षा म्हणते जणू चंद्रच, रूपक दोघांत भेदच मानत नाही. अपन्हुती मात्र भाकरीला साफ नाकारते : ही भाकरी नव्हेच, चंद्र आहे. गेली कित्येक वर्षं मी हीच भाकरी भाजतोय.

तेवढ्यात शेवटच्या बाकावर टेकलेलं एक डोकं दिसलं. जवळ जाऊन उभा राहिलो. शेजाऱ्यानं कोपर मारल्यावर साहेब जागे झाले.

"झोपला होतास?"

"नाही सर. ही झोप नव्हे, चिंतन आहे."

वर्ग खो-खो हसत सुटला. मलाही हसू आवरेना. इतकं आयतं उदाहरण कोण सोडेल? फळ्यावर लिहूनच टाकलं. उपमेय झोप, उपमान चिंतन, नकार 'नव्हे'.

पहिल्या बाकावरच्या मुलीचा हात वर. "सर, पण तो खोटं बोलतोय."

"मग?"

"भाकरीला चंद्र म्हणणाऱ्याला आपल्याला फसवायचं नसतं. याला फसवायचंय. थापेलापण अलंकार म्हणायचं का?"

मी म्हटलं, उद्या सांगतो. हे मास्तर लोकांचं ठेवणीतलं वाक्य.

पुढचा तास मोकळा होता. स्टाफरूमच्या कपाटातून 'काव्यप्रकाश' काढला. मम्मट हा अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित; त्याच्या या ग्रंथाच्या दहाव्या उल्लासात, म्हणजे प्रकरणात, अर्थालंकार (अर्थावर बेतलेले अलंकार) आहेत. पानं उलटताना सापडली व्याजोक्ती. व्याज म्हणजे बहाणा, बँकेतलं नव्हे. उघडी पडलेली गोष्ट काहीतरी निमित्त सांगून झाकायची. अपन्हुतीला साम्य लागतं, हिला लागत नाही. आमचा गडी काही झोपेची चिंतनाशी तुलना करत नव्हता, सुटायला बघत होता. चूक माझी होती.

मम्मटानं दिलेलं उदाहरण तर झकास. शंकर-पार्वतीचं लग्न. हिमालय मुलीचा हात जावयाच्या हातात देतो, त्या स्पर्शानं शंकराच्या अंगावर काटा उभा राहतो, विधीत गडबड होते. सगळे बघतायत. तर शंकर म्हणतो, अहो, या हिमालयाचे हात काय गार आहेत! आणि बघणारे गालात हसतात.

पुस्तक घेऊन निघालो तर व्हरांड्यात तोच मुलगा बाटली भरत होता. पँट पोटरीपर्यंत वाळलेल्या चिखलानं कडक झालेली. वर्गात बाकाआड दिसली नव्हती.

"रात्री कुठं होतास?"

"कांद्याला पाणी भरत होतो. या आठवड्यात लाईट रात्रीची आहे ना सर. वडलांची कंबर धरलीय."

"मग तसं सांगायचं."

"सगळ्यांदेखत?"

शेवटच्या तासाला दहा मिनिटं मागून घेतली. दुपारचा फळा अजून तसाच होता. आधी ते उदाहरण पुसलं, माझं चुकलं होतं एवढंच म्हटलं, आणि शंकराची गोष्ट सांगितली. चिखलाबद्दल काही बोललो नाही.

पहिल्या बाकावरची विचार करून म्हणाली, "म्हणजे पकडलं गेल्यावर मारलेली थाप."

"हो. पण ऐकणाऱ्यांना कळलेली. म्हणून तर ते हसतात."

मागून आवाज आला, "सर, मग शंकराला मांडवाबाहेर उभं केलं का?"