"फाइन? ही कुठली नवी कंपनी?"

हातातलं मल्टिटूल (कापायचं-घासायचं विजेचं हत्यार) उलटसुलट करत मित्राने आज विचारलं.

नवी! विजेवर चालणारं पहिलं हँड ड्रिल १८९५ मध्ये याच जर्मन कंपनीने बनवलं. आणि हे पातं गरगर फिरत नाही, जागच्या जागी थरथरतं. ती युक्ती त्यांनी आधी वापरली ती मोडलेल्या हातापायांवरचं प्लास्टर कापायला.

विजेच्या हत्यारांचे रिव्ह्यू बघायला जा, तर बॉश, मकिता, डिवॉल्ट. चांगलेच आहेत, प्रश्न नाही. पण फाइन, मेटाबो, हिकोकी (म्हणजे पूर्वीची हिताची कोकी) यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. अनबॉक्सिंगचा नुसता पूर. वर्षभर राबवल्यावर चक (ड्रिलचा बिट धरणारा जबडा) डुगडुगतो का, मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश सहज मिळतात का, हे कोण सांगणार?

मेटाबोचा ग्राइंडर रोज वापरणारं आहे का इथे कुणी?