बिस्किटातलं पाम तेल

बिस्किटाचा पुडा उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. मैदा आणि साखरेच्या आसपास बहुतेक वेळा पाम तेल सापडेल. ते साध्या तापमानाला अर्धवट घट्ट राहतं, लवकर खवट होत नाही आणि बिस्किट खुसखुशीत करतं. पूर्वी हे काम डालडा करायचा. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या, हृदयाला घातक चरबीवर, २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, हे फार चांगलं झालं. पण ‘ट्रान्स फॅट ०’ वाचून निर्धास्त होऊ नका. पाम तेलात जवळजवळ निम्मी संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट, हीही जास्त झाली तर हृदयाला वाईट) असते, आणि २,००० कॅलरींच्या आहारात ती दिवसाला २२ ग्रॅमच्या आत हवी. पुड्यावरच्या पोषणाच्या तक्त्यातले आकडे १०० ग्रॅमचे असतात, म्हणून पुड्याचं वजन बघून हिशोब करा. मुलं अर्धा पुडा सहज संपवतात!

हे तेल मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. देशातले भाव आवरायला इंडोनेशियाने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्यात थांबवली आणि २३ मे रोजी पुन्हा सुरू केली. आपण सर्वांत मोठे आयातदार, त्यामुळे झळ थेट आपल्या किराणा दुकानापर्यंत पोचते.